पहिलं किट जोडताना : ५५५ आणि ४०१७ वरचे धावते एलईडी

पहिलं किट कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून एकच सांगतो: ५५५ टायमर आणि ४०१७ काउंटर या दोन आयसींवर चालणारं धावत्या एलईडीचं किट. दहा एलईडी ओळीत किंवा गोलात बसवलेले असतात आणि उजेड एकावरून दुसऱ्यावर पळत जातो. गणपतीच्या मखरात लुकलुकणाऱ्या दिव्यांमागे बऱ्याचदा हेच सर्किट असतं. ते नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, त्यामुळे शॉक बसायची भीती नाही. पार्ट वीस-बावीस, सोल्डरिंगचे जॉइंट साठच्या आसपास; म्हणजे हात बसेल इतके आहेत आणि कंटाळा येईल इतके नाहीत. त्याहून मोठा फायदा म्हणजे काही चुकलं तर कुठे चुकलं ते एलईडीच दाखवून देतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

एफएम रेडिओचं किट सगळ्यांना मोहात पाडतं, पण त्यात कॉइल जुळवायचं काम असतं आणि ते पहिल्याच वेळी जमणं कठीण. डिजिटल घड्याळाचं किट दिसायला छान, पण त्यातलं सगळं काम आधीच प्रोग्रॅम केलेल्या एका चिपमध्ये होतं. चाललं तर चाललं, नाही चाललं तर बघायचं कुठे हेच नवख्याला कळत नाही. आणि घरच्या २३० व्होल्टवर थेट चालणारं काहीही, मग तो पंख्याचा रेग्युलेटर असो की ट्रान्सफॉर्मर नसलेली दिव्यांची माळ, हात बसल्याशिवाय करायला घेऊ नका.

किट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास किंवा ऑनलाइन मिळतं. घेताना दोन गोष्टी बघा. बोर्डावर प्रत्येक पार्टचं नाव आणि आकृती छापलेली हवी. आणि आयसीचे बेस, म्हणजे ज्यात आयसी नुसती दाबून बसवता येते ते सॉकेट, किटात हवेत. नसतील तर ८ पिनांचा एक आणि १६ पिनांचा एक असे वेगळे घ्या. आयसी थेट बोर्डाला सोल्डर करायची नाही. बोर्डाचा रंगही पाहून ठेवा. स्वस्त किटात तपकिरी, कागदी जातीचा बोर्ड येतो. त्याचे पॅड, म्हणजे भोकांभोवतीच्या तांब्याच्या चकत्या, जास्त उष्णतेने चटकन सुटतात. हिरवा काचतंतूचा बोर्ड नवख्या हाताला बराच सांभाळून घेतो.

आत काय चालतं

हे न वाचताही किट जोडता येईल, पण मग दुरुस्ती करताना अडाल.

५५५ ही आयसी हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचली आणि १९७२ पासून ती बाजारात आहे. इतकी वर्षं झाली तरी तिचं उत्पादन थांबलेलं नाही. आपल्या किटात ती टिकटिक करायचं काम करते. रेझिस्टरमधून एक कपॅसिटर हळूहळू भरत जातो. त्याचं व्होल्टेज बॅटरीच्या दोन तृतीयांशापर्यंत चढलं की ५५५ तो रिकामा करायला लागते, एक तृतीयांशापर्यंत उतरलं की पुन्हा भरू देते. या भरण्या-ओसरण्याबरोबर तिची ३ नंबरची पिन वर-खाली होत राहते. वेग काढायचं सूत्र सोपं आहे: १.४४ ला (आर१ + दोन वेळा आर२) गुणिले सी ने भागायचं. आर१ आणि आर२ म्हणजे कपॅसिटर भरणारे दोन रेझिस्टर, सी म्हणजे तो कपॅसिटर.

किटाकिटात आकडे थोडे बदलतात. मी इथे जे धरून चाललो आहे त्यात आर१ म्हणजे १ किलो ओहम, आर२ च्या जागी १ किलो ओहमचा रेझिस्टर आणि त्याला जोडून ५० किलो ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), आणि कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा. प्रीसेट एका टोकाला फिरवला तर सेकंदाला सुमारे ४८ टिकटिक, दुसऱ्या टोकाला सुमारे १.४. म्हणजे सगळ्यात संथ वेगाला एकेक एलईडी पाऊण सेकंदाच्या आसपास पेटलेला राहतो.

४०१७ ही टिकटिक तिच्या १४ नंबरच्या पिनवर ऐकते आणि दर टिकेला चालू असलेलं आउटपुट बंद करून त्याच्या पुढचं चालू करते. दहा आउटपुट, दहा एलईडी. एका वेळी एकच पेटत असल्यामुळे सगळ्यांना मिळून ४७० ओहमचा एकच रेझिस्टर पुरतो. फक्त ही आउटपुटं पिनांच्या क्रमाने नसतात. पहिल्या एलईडीपासून दहाव्यापर्यंत पिना अशा लागतात: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. हा क्रम एका चिठ्ठीवर लिहून बोर्डाशेजारी ठेवा, दोनदा लागणार आहे.

हत्यारं

२५ वॉटचं साधं, तीन पिनी प्लगचं सोल्डरिंग आयर्न पुरेसं आहे. तापमान ठरवता येणारं असेल तर उत्तम, ३५० अंशांच्या आसपास ठेवा. पण खिशात मोजके पैसे असतील तर साधं आयर्न घ्या आणि उरलेल्यातून मल्टिमीटर घ्या. मल्टिमीटरशिवाय महागडं सोल्डरिंग स्टेशन घेणं मला पटत नाही.

सोल्डर वायर मात्र चांगलीच घ्या. ६०/४० किंवा ६३/३७ ची, म्हणजे तेवढे टक्के कथील आणि बाकी शिसं, आत रोझिन फ्लक्स (धातूवरचा मळ काढणारी राळ) भरलेली, आणि बारीक: २२ गेज, म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर जाडीची. दुकानदार १८ गेजची जाड वायर पुढे करतो. तिने एका झटक्यात इतकं सोल्डर उतरतं की आयसी बेसच्या दोन पिना एक होऊन जातात. शिसं नसलेली वायरही मिळते, पण ती २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि नीट वाहत नाही. शिकताना ६३/३७ हाताला सोपी जाते, ती १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. नळकामाचा ॲसिड फ्लक्स किंवा नवसागर इथे अजिबात चालणार नाही, काही महिन्यांत तांबं खाऊन टाकतो.

बाकी लागतं ते असं: आयर्नचा स्टँड, पार्टचे पाय, म्हणजे तारा, कापायला बारीक कटर, नोज प्लायर, चिमटा, सोल्डर ओढून घ्यायचा पंप, आणि जाड पुठ्ठा किंवा लाकडी फळी. बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, पुसायला आयर्नबरोबर मिळणारा स्पंज ओला करून घट्ट पिळून वापरा. भांडी घासायचा प्लॅस्टिकचा स्पंज नको, तो बिटाला वितळून चिकटतो.

खिडकीजवळ बसा. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, त्याच्या वाऱ्याने जॉइंट अर्धवट तापतो. त्याऐवजी छोटा पंखा धूर तुमच्यापासून दूर ओढेल असा बाजूला लावा. हा धूर शिशाचा नसतो, इतक्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. तो रोझिनचा असतो, पण दम्याच्या माणसाला तोही सोसत नाही. शिसं पोटात जातं ते हातातून, म्हणून शेजारी चहा-चिवडा ठेवायचा नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. लहान मुलांना टेबलापासून लांब ठेवा. पाय कापताना त्याचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा किंवा कापताना पायावर बोट धरा. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली दहा ते वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट लावू नका.

आधी बिट

नवं आयर्न पहिल्यांदा तापलं की लगेच, बिट काळं पडायच्या आत, त्याच्या टोकाला सोल्डर लावा. टोकभर चकचकीत पातळ थर बसला पाहिजे. पितळेच्या पातेल्याला कल्हई जशी तापल्या भांड्यावर एका हाताने सरसर पसरते, अगदी तसाच. हा थर असला तर उष्णता पार्टपर्यंत पोचते. काळं पडलेलं बिट कितीही तापलेलं असो, सोल्डर त्याच्यावरून गोळ्या होऊन घरंगळतं. काम करताना दर दोन-चार जॉइंटनंतर स्पंजावर पुसा, पुन्हा जरासं सोल्डर लावा. आयर्न बंद करतानाही टोकावर सोल्डरचा थेंब तसाच राहू द्या.

जुन्या दुरुस्तीवाल्यांना तुम्ही बिट कानशीने घासताना पाहिलं असेल. ते बिट नुसत्या तांब्याचं असतं, त्याला चालतं. आता मिळणाऱ्या बहुतेक बिटांवर लोखंडाचा मुलामा असतो. एकदा कानस फिरली की ते बिट संपलं.

जॉइंट

किट उघडण्याआधी दहा-वीस रुपयांचा झीरो पीसीबी, म्हणजे नुसती भोकं आणि पॅड असलेला कोरा बोर्ड, आणि दोन-चार जुने रेझिस्टर घेऊन एक संध्याकाळ फक्त जॉइंट मारा. सगळी विद्या इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बहुतेक नवखे बिटावर सोल्डर वितळवून घेतात आणि तो थेंब पॅडवर नेऊन पुसतात. थेंब चिकटल्यासारखा दिसतो, पण जॉइंट होत नाही. कारण असं की सोल्डर वायरच्या पोटात फ्लक्स असतो आणि तोच तांब्यावरचा, पार्टच्या पायावरचा मळ काढून टाकतो. बिटावर सोल्डर वितळवलं की तो फ्लक्स तिथेच जळून धूर होऊन जातो. पॅडपर्यंत पोचतं ते कोरडं सोल्डर, आणि पॅड तर अजून गारच असतं. सोल्डर फक्त तापलेल्या आणि स्वच्छ धातूला धरतं.

म्हणून असं करायचं. पार्ट बोर्डात घालून पाय मागच्या बाजूला जरासे फाकवा, म्हणजे बोर्ड उलटा केल्यावर तो पडणार नाही. बिटाची कड अशी टेकवा की ती पॅडला आणि पायाला एकदमच लागेल. मनात एक म्हणा. मग वायर दुसऱ्या बाजूने, बिटाला नव्हे तर पाय आणि पॅड यांच्या कोपऱ्यात टेकवा. ते पुरेसे तापले असतील तर सोल्डर आपोआप आत ओढलं जातं आणि पायाभोवती गोल फिरून बसतं. हे होताना डोळ्यांना स्पष्ट दिसतं: आधी फ्लक्सचा पारदर्शक थर पुढे सरकतो, त्याच्या मागोमाग चांदीसारखी चकाकी पॅडभर पसरते. आधी वायर काढा, मग आयर्न. जॉइंट घट्ट होईपर्यंत, म्हणजे दोनेक सेकंद, बोर्ड हलवू नका आणि फुंकर मारू नका. एकूण वेळ तीन ते चार सेकंद. पाच सेकंदांत जमलं नाही तर थांबा, गार होऊ द्या, बिट पुसा आणि पुन्हा करा. तपकिरी बोर्डावर तर ही शिस्त पाळाच.

नीट झालेला जॉइंट चकचकीत, कडांना आत वळलेला आणि टोकाकडे निमुळता असतो, पायाचा आकार त्यातून कळतो. गोल फुगलेला थेंब दिसला तर सोल्डर जास्त झालं किंवा पॅडला धरलंच नाही. करडा, खडबडीत, भोवती बारीक चीर असलेला जॉइंट म्हणजे दुरुस्तीवाले ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो. त्यावर नुसतं आणखी सोल्डर चढवून भागत नाही. बिट टेकवून पूर्ण वितळू द्या, थोडी ताजी वायर लावा म्हणजे नवा फ्लक्स मिळेल. पार्टचे पाय काळपट असतील, कोकणातल्या दमट हवेत पडून राहिलेल्या पार्टचे असतातच, तर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून घ्या. तसल्या पायाला कितीही गरम करा, सोल्डर धरत नाही.

पार्ट ओळखणं

सगळे पार्ट एका ताटलीत काढा आणि यादीशी ताडून बघा.

रेझिस्टरला उलट-सुलट नसतं. १ किलो ओहमवर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे आणि शेवटी सोनेरी. ४७० ओहमवर पिवळा, जांभळा, तपकिरी. निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर पाच पट्टे येतात आणि रात्री ट्यूबलाइटखाली त्यातला तपकिरी, लाल आणि नारिंगी ओळखणं अवघड होतं. अंदाज करण्यापेक्षा प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरने मोजूनच बसवा, आणि तो बोर्डात बसवण्याआधी मोजा.

चपटा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०३ लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. तो ५५५ च्या पाचव्या पिनला असतो, त्यालाही दिशा नाही. डब्यासारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला मात्र दिशा असते: लांब पाय पॉझिटिव्ह, अंगावरच्या पट्ट्याची बाजू निगेटिव्ह. किटात असे दोन आहेत, १० मायक्रोफॅरडचा वेग ठरवणारा आणि १०० मायक्रोफॅरडचा बॅटरीच्या तारांमधला. ५५५ दर टिकेला क्षणभर जास्त करंट ओढते, तो झटका हा दुसरा सोसतो. उलटा बसला तर तापतो आणि फुगून फुटूही शकतो.

एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्ह. पाय कापलेले असतील तर खालच्या कडेवर बोट फिरवा. एका बाजूला कड सपाट लागते, ती निगेटिव्ह, आणि बोर्डावर छापलेल्या गोलालाही तशीच सपाट बाजू असते. आयसी आणि बेस दोन्हींच्या एका टोकाला खाच असते. खाच वर धरली की डावीकडची पहिली पिन १ नंबरची.

बसवायचा क्रम

बुटके आधी, उंच नंतर. कारण एवढंच की बोर्ड उलटा टेबलावर ठेवला की पार्ट त्याच्या वजनाने दाबून धरला जातो. उंच आधी बसवला तर बुटके लोंबकळतात.

एकपदरी, म्हणजे एकाच बाजूला तांबं असलेला, बोर्ड असेल तर आधी त्यावरचे जंपर, म्हणजे बोर्डावर नुसती रेघ छापलेली असते तिथे कापलेल्या पायाचाच तुकडा वाकवून लावायचा. मग रेझिस्टर, त्यांचे पाय अंगापासून दोनेक मिलिमीटर सोडून वाकवा, अगदी मुळातून वाकवले की आतला जोड तुटतो. मग आयसीचे बेस, छापलेल्या खाचेशी खाच जुळवून. बेसचे आधी समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोनच पाय सोल्डर करा, बोर्ड सरळ करून बेस सपाट टेकला आहे का बघा, तिरका असेल तर एक कोपरा पुन्हा तापवून दाबा, आणि मगच उरलेले पाय. त्यांच्यातलं अंतर फक्त २.५४ मिलिमीटर असतं, तेव्हा वायर अगदी थेंबभर. त्यानंतर सिरॅमिक कपॅसिटर, प्रीसेट, एलईडी, इलेक्ट्रोलिटिक, आणि शेवटी बॅटरीची क्लिप. लाल तार प्लसला, काळी मायनसला.

एलईडी बसवताना घाई होते, कारण आता संपत आलं असं वाटतं. दहाही एलईडी आधी बोर्डात घालून टाका, वरून बघून सगळ्या सपाट कडा छापलेल्या खुणेच्या दिशेने आहेत याची खात्री करा, मग प्रत्येकाचा एकच पाय सोल्डर करा. उंची सारखी करून घ्या आणि त्यानंतरच दुसरा पाय.

आयसी अजून बसवायच्या नाहीत.

बॅटरी लावण्याआधी

भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून प्रत्येक जॉइंट बघा. मग मल्टिमीटर बझरवर ठेवून बॅटरीच्या दोन तारांना लावा. क्षणभर बीप होऊन थांबला तर काळजी नको, तो १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरतोय. सतत वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता बॅटरी लावा आणि मोकळ्या बेसवर व्होल्टेज मोजा. ५५५ च्या बेसवर ८ आणि १ नंबरच्या पिनांमध्ये, तसंच ४ आणि १ मध्ये नऊच्या आसपास व्होल्ट हवेत. ४०१७ च्या बेसवर १६ आणि ८ मध्ये तेवढेच. हे मिळालं की एक तारेचा तुकडा घ्या, त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला धरा आणि दुसरं ४०१७ च्या बेसमध्ये ३ नंबरच्या भोकाला लावा. पहिला एलईडी पेटला पाहिजे. मग चिठ्ठीवरच्या क्रमाने २, ४, ७, १० असे दहाही तपासा. कुठलीही आयसी न लावता दहा एलईडी, त्यांची दिशा, ४७० चा रेझिस्टर आणि बेसचे दहा जॉइंट यांची परीक्षा पाच मिनिटांत होऊन जाते. ८ नंबरला मात्र तार लावू नका, ती मायनसची आहे, बॅटरी शॉर्ट होईल.

बॅटरी काढा. आता आयसी. नव्या आयसीचे पाय जरा फाकलेले असतात. ती आडवी धरून एका बाजूचे सगळे पाय टेबलावर हलके दाबा, मग दुसऱ्या बाजूचे, म्हणजे ते सरळ होतात. ४०१७ ला स्थिर विजेने इजा होऊ शकते, तेव्हा ती फोममधून काढण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा आणि आयसी दोन्ही टोकांना धरा. खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबा. एखादा पाय आत न जाता पोटाखाली दुमडला जातो आणि वरून ते कळत नाही, म्हणून बाजूने वाकून बघा.

प्रीसेट मधोमध ठेवा, बॅटरी लावा.

चाललं नाही तर

आधी आयसीला बोट लावा. तापली असेल तर लगेच बॅटरी काढा, ती उलटी बसली आहे किंवा कुठे शॉर्ट आहे.

पहिलाच एलईडी पेटून राहिला आणि पुढे काही सरकत नाही, तर ४०१७ पर्यंत टिकटिक येत नाही किंवा तिची १५ नंबरची रीसेट पिन मायनसला लागलेली नाही. प्रीसेट सगळ्यात संथ बाजूला फिरवा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ५५५ ची ३ नंबरची पिन मोजा. आकडा वर-खाली होत असेल तर ५५५ ठीक आहे. ३ पासून ४०१७ च्या १४ पर्यंतचा रस्ता तपासा. स्थिर असेल तर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उलटा आहे का ते बघा, आणि ५५५ च्या २, ६, ७ या पिनांचे जॉइंट बघा.

एलईडी मनाला येईल तसे पळतात आणि बोर्डाजवळ हात नेला की वेग बदलतो, हे पाहून नवखे चक्रावून जातात. कारण साधं आहे: ४०१७ ची १३, १४ किंवा १५ यांपैकी एखादी पिन ड्राय सोल्डरमुळे मोकळी राहिली आहे. अशी मोकळी पिन घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण हवेतून पकडते आणि तिलाच टिकटिक समजते. त्या तीन पिना पुन्हा तापवा.

दोन एलईडी बरोबरीने आणि मंद पेटत असतील तर दोन पिनांमध्ये सोल्डरचा पूल झाला आहे, आणि कुठल्या ते चिठ्ठी सांगते. दुसरा आणि सहावा एलईडी जोडीने पेटत असतील तर त्यांच्या पिना २ आणि १, शेजारीशेजारीच. सातवा आणि आठवा असतील तर ५ आणि ६. बॅटरी काढून तिथे स्वच्छ बिट दोन पिनांच्या मधून ओढा, जास्तीचं सोल्डर बिटावर येतं.

आणि एलईडीची तपासणी टाळली असेल तर एक चमत्कारिक प्रकार दिसेल: एक एलईडी सतत पेटलेला असतो आणि नेमकी त्याची पाळी आली की विझतो. तो उलटा बसला आहे. दुसऱ्या कुणाची पाळी असते तेव्हा त्या एलईडीतून आलेला करंट ४७० चा रेझिस्टर सोडून या उलट्या एलईडीतून त्याच्या बंद आउटपुटकडे उतरतो, म्हणून दोघेही पेटतात. तसं फार वेळ चालू ठेवू नका. उलटा एलईडी काढताना तो वाचवायच्या नादात पॅड उखडू नका. एलईडी एक-दोन रुपयांना मिळतो. त्याचं डोकं कटरने कापा, एकेक पाय तापवून चिमट्याने ओढा, भोक पंपाने मोकळं करा आणि नवा लावा.

चाललं की

जॉइंटभोवती राहिलेला पिवळट फ्लक्स जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. खिडकी उघडी हवी आणि आयर्न बंद. रोझिन तसाच राहिला तरी बिघडत नाही, पण स्वच्छ बोर्डावर ड्राय सोल्डर पटकन दिसतो.

मखरात दिवसभर चालवायचं असेल तर नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरणार नाही, ९ व्होल्टचा डीसी अडॅप्टर लावा. जुन्या, वजनदार ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असलं तरी एवढ्या हलक्या सर्किटला तो १२-१३ व्होल्ट देऊ शकतो, म्हणून लावण्याआधी मोजा. ५५५ चं साधं रूप १६ व्होल्टपर्यंत चालतं, तेव्हा १२-१३ ला धोका नाही, पण त्यापलीकडे जाऊ देऊ नका. आणि तारांची प्लस-मायनस दोनदा तपासा.

पुढची पायरी म्हणून याच बोर्डाचा सापशिडीचा फासा करून बघा. ४०१७ ची १५ नंबरची पिन ज्या ट्रॅकने, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेने, मायनसला जोडलेली आहे तो ब्लेडने कापा आणि ती पिन तारेने ५ नंबरला जोडा. सातव्याची पाळी येताच काउंटर पहिल्यावर परत जातो, म्हणजे पहिले सहाच एलईडी फिरतात. १० मायक्रोफॅरडच्या जागी १ चा कपॅसिटर लावा, वेग दहापट होतो आणि कुठला एलईडी पेटलाय ते डोळ्यांना पकडता येत नाही. मग ५५५ ची ३ नंबरची पिन आणि ४०१७ ची १४ यांमधला ट्रॅक कापून तिथे दाबायचं बटण घाला. दाबलं की पळतात, सोडलं की एकावर थांबतात. १४ नंबरच्या पिनपासून मायनसला १० किलो ओहमचा रेझिस्टर मात्र लावाच; तो नसेल तर बटण सोडल्यावर ती पिन मोकळी राहते आणि फासा थांबायचं नाव घेत नाही.